पऱ्हाटीतले नाकतोडे शॅमेलिऑनला चारू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपूरहून रीतसर घेतलेला व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा पाळीव सरडा) आठ महिन्यांचा झाला, खायला मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) आणि वावरातून धरून आणलेले नाकतोडे देता, आणि आता त्याचे पुढचे पाय वाकल्यासारखे दिसतात. आहारात काय बदलू, हा तुमचा प्रश्न.

आधी पायांचं बघा. कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि हाडं मऊ पडतात. जीभ किड्यापर्यंत न पोचता मध्येच पडते का, जबडा दाबल्यावर लवचीक लागतो का? तसं असेल तर नुसत्या पावडरीवर भागणार नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर आहेत का ते विचारा. वाकलेलं हाड सरळ होईलच असं नाही, पण दुखणं तिथंच थांबवता येतं.

आता खाणं. किडा म्हणजे त्याच्या पोटात जे आहे तेच. रातकिडा, नाकतोडा, मीलवर्म, सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला असतं. पाहिजे उलटं, कॅल्शियम जवळपास दुप्पट. त्यामुळे किडे चारण्याआधी एक-दोन दिवस त्यांनाच नीट खाऊ घालायचं. आपल्याकडे त्यासाठी मुनग्याच्या (शेवग्याच्या) पाल्यासारखं दुसरं काही नाही. कॅल्शियम चांगलं, आणि बहुतेकांच्या अंगणात झाड असतंच. सोबत गाजर, कोहळं (लाल भोपळा), थोडी संत्र्याची फोड. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

वावरातले नाकतोडे मात्र आजपासून बंद. आपल्या भागात जुलैपासून पऱ्हाटी आणि सोयाबीनवर एकामागून एक फवारण्या चालतात, कपाशीच्या बियाण्यालाही बरेचदा आधीच कीटकनाशक चोळलेलं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली. तेच औषध अंगावर घेऊन धडपडणारा नाकतोडा सहज हाती लागतो, आणि आपल्याला वाटतं आज शिकार सोपी झाली. बांधावरचाही नको, वाऱ्यानं औषध तिथवर जातं.

फवारणी नसलेल्या रानातही तीन किडे हातात घेऊ नका. रुईच्या झाडावरचा पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा रुईचं विष अंगात साठवतो. तुरीच्या फुलांवर येणारे काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे. त्यांच्या रसानं आपल्या कातडीलाही फोड येतात. आणि काजवे: त्यांच्या काही जातींमुळे पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

मग द्यायचं काय? मुख्य खाणं घरी वाढवलेले रातकिडे. मीलवर्म अधूनमधून, त्यात चरबी जास्त. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या मिळाल्या तर उत्तम, कॅल्शियम त्यांच्यात मुळातच असतं. माझ्या मते विदर्भातल्या माणसानं तुतीचा रेशीम उद्योग करणारा शेतकरी शोधावा. अळ्या मरतात म्हणून तो तुतीवर शक्यतो फवारणी टाळतो. अळ्या मऊ आणि पाणीदार, उन्हाळ्यात तर सोन्याच्या मोलाच्या. फक्त संगोपनात त्यांच्यावर निर्जंतुकीकरणाची भुकटी टाकतात, म्हणून आणल्यावर दोन दिवस ताज्या पाल्यावर ठेवा आणि मगच द्या. टसरच्या (जंगली रेशमाच्या) जाड अळ्या आणू नका, शॅमेलिऑनच्या तोंडाला झेपणार नाहीत.

पावडर म्हणजे फॉस्फरस नसलेलं कॅल्शियम कार्बोनेट, जवळपास प्रत्येक वेळी किड्यांवर हलकं भुरभुरून. डी-३ जीवनसत्त्व असलेलं महिन्यातून दोनदा, मल्टिव्हिटॅमिनही तसंच. डोळे सुजणं हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. गाईचं खनिज मिश्रण वापरू नका, त्यात फॉस्फरस असतो. पानठेल्यावरचा चुना तर नाहीच. कुणीतरी सुचवेल, पण तो तोंड भाजतो.

किडा शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. या वयात रोज पोटभर देण्याची गरज नाही, हळूहळू दिवसाआड पाच-सहा किड्यांवर आणा. मादी असेल तर जास्तच जपा: भरपेट खाणाऱ्या मादीला अंडी खूप येतात आणि त्यात तिचं कॅल्शियम निघून जातं. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका, ते झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात.

वाटीतलं पाणी तो पिणार नाही. पानांवर थेंब पडले पाहिजेत, मे महिन्यात तर दिवसातून अनेकदा. विष्ठेसोबतचा पांढरा भाग नारिंगी दिसला की पाणी कमी पडतंय.

राहिला उजेड. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि खिडकीची काच यूव्हीबी अडवते. पिंजऱ्यातल्या दिव्याच्या खोक्याचा आणि पायांचा बाजूनं काढलेला फोटो टाका. दिवा नुसता उष्णतेचा बल्ब निघाला, तर खाणं बदलण्याआधी तो बदलावा लागेल.