मुठेवरून एक गाडी, मुठेखालून दुसरी : पुण्याचे जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक

प्रश्न : आईला उपचारांसाठी अधूनमधून पुण्यात स्वारगेट परिसरात न्यावे लागते. जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे स्टेशनवर उतरल्यावर पुढे मेट्रोने जावे, असे सगळे सुचवतात. परंतु मध्ये जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी लागते आणि ते स्थानक जमिनीत फार खोल आहे, हे ऐकून आईने धसका घेतला आहे. ते देशातील सर्वांत खोल स्थानक आहे, हे खरे का? एवढे खोल का बांधले आणि तिथली रचना कशी आहे? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या मातोश्रींची भीती स्वाभाविक आहे, परंतु स्थानकाची रचना एकदा समजली की ती बरीचशी कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

हे एकावर एक रचलेले दोन स्थानकांचे संकुल आहे. वनाज ते रामवाडी ही मार्गिका येथे जमिनीपासून उंचावर, खांबांवरून जाते, तर पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका त्याच जागी भुयारातून जाते. पूर्वी या स्थानकाला सर्वत्र ‘सिव्हिल कोर्ट’ म्हणत आणि जुने पुणेकर, रिक्षावाले आजही तेच नाव घेतात. त्यामुळे दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.

खोलीचे कारण नकाशा पाहिल्यावर उलगडते. स्थानक मुठा नदीच्या शिवाजीनगरकडील काठावर, मुळा-मुठा संगमाच्या अलीकडे आहे. आपण पुणे स्टेशनवरून वनाजकडे जाणारी गाडी पकडाल तेव्हा मंगळवार पेठेनंतर ती पुलावरून मुठा ओलांडते आणि लगेच जिल्हा न्यायालय स्थानकात शिरते. तेथून स्वारगेटची गाडी घेतल्यावर हीच नदी आपण पुन्हा ओलांडता, मात्र या वेळी पात्राच्या खालून. मेट्रोच्या रुळांना एकदम तीव्र उतार देता येत नसल्यामुळे, पुढे लगेच नदीच्या तळाखाली जायचे असेल तर रूळ स्थानकातच पुरेसे खाली असावे लागतात. पलीकडच्या काठावर कसबा पेठ आणि मंडईचा जुना, दाट वस्तीचा भाग आहे, जिथे जुन्या वाड्यांच्या पायांना धक्का न लावता बोगदा न्यायचा होता. आपल्या सातमाळा डोंगररांगेत दिसतो तसाच काळा बेसाल्ट खडक पुण्याखालीही आहे. तो कातून बोगदे करण्यासाठी आणलेल्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना या तिथल्याच नद्यांची नावे दिली होती.

पुणे मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रो कंपनीने या स्थानकाची खोली ३३.१ मीटर सांगितली आहे. म्हणजे दहा मजली इमारत जमिनीत उलटी उतरवली तर जिथे टेकेल, साधारण तितकी. दिल्लीचे हौज खास स्थानक सुमारे २९ मीटर खोल आहे आणि कोलकाता मेट्रोचे हावडा स्थानकही तिशीच्या पुढे जाते. त्यामुळे ‘देशातील सर्वांत खोल स्थानकांपैकी एक’ असे म्हणणे योग्य. मला स्वतःला या आकड्यापेक्षा तिथल्या छताचे अप्रूप अधिक वाटते. ते सुमारे ९५ फूट उंच असून, सूर्यप्रकाश खालपर्यंत पोहोचावा अशा हेतूने ते आखलेले आहे. कोंडल्यासारखे वाटण्याची भीती असणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे.

जिना चढण्या-उतरण्याची चिंता नसावी. सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत. उतरणे टप्प्याटप्प्याने होते, म्हणून मध्ये लिफ्ट बदलावी लागली तर वाट चुकली असे समजू नये. खाली ‘स्वारगेट’ असा फलक पाहूनच गाडीत बसावे, कारण विरुद्ध दिशेची गाडी पिंपरी-चिंचवडला जाते. तिकीट पुणे स्टेशनवरच थेट स्वारगेटचे काढावे. गाडी बदलण्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही. गर्दीच्या वेळी मात्र हातात पुरेसा वेळ ठेवावा, ज्येष्ठांना या बदलात घाई करायला लावू नये.

इतिहासाविषयी थोडे सांगतो. ही शासकीय धान्य गोदामांची जागा होती. पुणे मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले आणि पहिले दोन टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले, पण ते गरवारे महाविद्यालय आणि फुगेवाडी येथेच थांबत असल्याने दोन्ही मार्गिका एकमेकींना भेटत नव्हत्या. १ ऑगस्ट २०२३ रोजी हे स्थानक खुले झाले तेव्हा प्रथमच त्यांची गाठ पडली. स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग मात्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला, म्हणजे त्याआधी आपल्या आईंना हा प्रवास मेट्रोने पूर्ण करताच आला नसता. हिंजवडीकडून येणाऱ्या तिसऱ्या मार्गिकेचे शेवटचे स्थानकही याच परिसरात योजलेले आहे. या सगळ्या उभारणीत शेजारच्या कामगार पुतळा वसाहतीतील कुटुंबांना आपली घरे सोडून हडपसर, विमाननगर अशा दूरच्या भागांत जावे लागले. स्थानकाच्या भव्यतेचे कौतुक करताना त्यांचाही उल्लेख व्हायला हवा, असे मी मानतो.

प्रश्न : धुळ्याहून एसटीने येणाऱ्यांनाही याच स्थानकावर गाडी बदलावी लागते का? – एक वाचक, धुळे

उत्तर : स्वारगेटला जायचे असेल तर नाही. मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरचे एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले आणि खानदेशाच्या गाड्या तिथे येऊ लागल्या. वाकडेवाडीहून रिक्षाने शिवाजीनगर मेट्रो स्थानक गाठावे. तेही भुयारी आहे आणि स्वारगेटच्याच मार्गिकेवर आहे, त्यामुळे जिल्हा न्यायालय आले तरी गाडीत बसून राहावे. कोथरूड किंवा येरवड्याकडे जायचे असल्यास मात्र तिथे उतरून वरच्या मार्गिकेची गाडी घ्यावी लागेल.