वाचकांचे प्रश्न : हायब्रिड सेडानची शक्ती आणि तिचे वजन

गेल्या काही महिन्यांत नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांमध्ये मोठ्या, वेगवान आणि महागड्या हायब्रिड सेडानविषयीचे प्रश्न बरेच होते. एकच शंका त्यांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होती : इंजिनाला विजेच्या मोटरची जोड मिळाली, पण बॅटरीचे ओझेही वाढले, तर अखेरीस पदरात काय पडले? त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी बीएमडब्ल्यूची नवी एम ५ घेण्याच्या विचारात आहे. माझ्या पुतण्याने आकडेमोड करून दाखवले की, आधीच्या पिढीच्या एम ५ मध्ये दर टनामागे जास्त पीएस (अश्वशक्ती) मिळत होते. मग इतके पैसे मोजून मी कमी ताकदीची गाडी घेत आहे का?
– द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : आपल्या पुतण्याचे गणित बरोबर आहे. आधीच्या पिढीच्या एम ५ ची शक्ती ६०० पीएस होती आणि चालकाशिवायचे वजन १,८५५ किलो होते, म्हणजे टनामागे सुमारे ३२३ पीएस. भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या गाडीची एकत्रित शक्ती ७२७ पीएस आहे, परंतु वजन २,४३५ किलोंवर गेले आहे, म्हणजे टनामागे सुमारे २९९ पीएस. शक्ती २१ टक्क्यांनी वाढली आणि वजन ३१ टक्क्यांनी. हा ५८० किलोंचा फरक आपल्या भाषेत सांगायचा, तर वीस किलोंचे एकोणतीस क्रेट भरून ते गाडीत कायमचे ठेवून दिल्यासारखे आहे.

असे असूनही कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत जायला जुन्या गाडीला ३.४ सेकंद लागत होते आणि नवीला ३.५ सेकंद लागतात. २०० पर्यंत जायला जुनीला ११.१ आणि नवीला १०.९ सेकंद. शक्ती आणि वजनाचे गुणोत्तर घसरले, पण गाडी मंदावली नाही. याचे कारण असे की, आपण ज्या शक्तीला वजनाने भागतो ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या एका विशिष्ट टप्प्यावरच मिळणारी कमाल शक्ती असते. गाडी वेग घेत असते तेव्हा फेरे खाली-वर होतात, गिअर बदलतात, टर्बोला (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राला) दाब धरायला क्षणभर लागतो आणि या सगळ्या काळात प्रत्यक्ष मिळणारी सरासरी शक्ती कमाल आकड्याच्या बरीच खाली राहते. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत असल्यामुळे ती नेमक्या याच खाचा भरून काढते. नव्या एम ५ मधील आठ सिलिंडरांचे इंजिन एकटे ५८५ पीएसचे, म्हणजे जुन्यापेक्षा किंचित कमीच आहे. पण मोटरची जोड मिळाल्यावर एकूण टॉर्क ७५० वरून १,००० न्यूटन-मीटरवर जातो.

आणखी एक गोष्ट कागदावर सहसा कोणी मांडत नाही. आपण गाडी रिकामी चालवणार नाही. घरची चार माणसे बसली आणि ३०० किलो वाढले असे धरा. आता जुन्या गाडीचे गुणोत्तर ३२३ वरून २७८ वर येते आणि नवीचे २९९ वरून २६६ वर. आधी जवळजवळ पंचवीस पीएसचे असलेले अंतर निम्म्यावर आले, कारण मुळात हलक्या गाडीला तेवढेच ओझे प्रमाणाने जास्त जाणवते. ट्रॉली रिकामी असताना कोणता ट्रॅक्टर पुढे पळतो, हे पाहून आपण ट्रॅक्टर घेत नाही. माझ्या मते कुटुंबासाठी गाडी घेणाऱ्याने दोन्ही गाड्यांचे गुणोत्तर माणसे आणि सामान धरूनच काढावे.

मात्र ‘कमी ताकदीची गाडी घेत आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देताना एक खंत लपवावीशी वाटत नाही. वेग घेताना वजन झाकता येते. वळताना आणि थांबताना ते झाकता येत नाही. हलक्या गाडीचे पुढचे चाक ज्या तत्परतेने दिशा धरते ती तत्परता अडीच टनांच्या गाडीत मागची चाके वळवून आणि सस्पेन्शन संगणकावर सोपवून आणावी लागते. ती चांगली आणलेली असते, हे मान्य. पण पुतण्याला जे गमावल्यासारखे वाटते आहे, ते खरोखरच गमावलेले आहे. म्हणून गाडी चालवून पाहताना सरळ रस्त्यावर तिला पळवण्यापेक्षा एखाद्या परिचित वळणावर, नियमाच्या वेगात, घरच्यांना सोबत घेऊन जावे.

प्रश्न : एकाच गाडीचे वजन माहितीपत्रकात, इंग्रजी नियतकालिकात आणि शोरूममधील कागदावर वेगवेगळे का दिसते? मर्सिडीज-एएमजीच्या सी ६३ एस ई परफॉर्मन्सची शक्ती ६८० पीएस सांगतात, तीही नेहमी मिळते का?
– निवृत्त अभियंता, इंदिरानगर

उत्तर : वजनाच्या आकड्यांत फसवणूक नसते, मोजण्याची पद्धत निराळी असते. जर्मन पद्धतीचे वजन टाकी नव्वद टक्के भरून, पण चालकाशिवाय मोजतात. युरोपीय पद्धतीत चालक आणि थोडे सामान मिळून ७५ किलो आणखी धरतात. त्यामुळे एम ५ कुठे २,४३५ किलोंची दिसते आणि कुठे २,५१० किलोंची. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढे पाहिले तरी निम्मा घोळ मिटतो.

शंका उरलीच तर सरळ वजनकाट्यावर जावे. मी एका स्नेह्याची प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज करता येणारी) सेडान आडगावच्या बाजूला एका काट्यावर नेली होती. ट्रकांच्या रांगेत ती गाडी पाहून काटेवाला प्रथम हसला, मग त्यालाच उत्सुकता वाटली. तो काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यांनी मोजणारा होता, त्यामुळे बारीक फरक त्यावर कळत नाहीत. पण आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी आणि शेवटी फक्त मागची चाके असे तीनदा वजन घेतले, तेव्हा डिकीच्या खाली बसवलेली बॅटरी वजन किती मागे ओढते हे छापील पावतीवर स्वच्छ दिसले. स्नेह्यांनी ती पावती अजून गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवली आहे.

सी ६३ विषयीचा आपला संशय रास्त आहे. तिच्या ६८० पीएसपैकी ४७६ पीएस दोन लिटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचे आहेत आणि २०४ पीएस मागच्या आसावर बसवलेल्या मोटरचे. परंतु मोटरची ही कमाल शक्ती एका वेळी दहा सेकंदच मिळते. सातत्याने मिळणारी शक्ती सुमारे ९५ पीएस आहे. म्हणजे गुणोत्तर टनामागे ३२२ पीएस हे दहा सेकंदांचे, आणि केवळ इंजिनावर धरले तर २,१११ किलोंना ते सुमारे २२५ वर येते. प्रत्यक्षात बॅटरी कधीच इतकी रिती होत नाही, कारण नियंत्रण यंत्रणा थोडी वीज राखून ठेवते आणि ब्रेक दाबताच बॅटरी पुन्हा भरू लागते. पण दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत.

येथे एएमजीच्या अभियंत्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यांनी बॅटरी लहान ठेवली : क्षमता केवळ ६.१ किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत सहा युनिट, आणि वजन ८९ किलो. तिच्यातील ५६० सेलपैकी प्रत्येकाला द्रवाने थेट थंड केले जाते, जेणेकरून ती पटकन रिकामी होऊन पटकन भरावी. केवळ विजेवर ही गाडी अधिकृत चाचणीत जेमतेम १३ किलोमीटर जाते, कारण ती त्यासाठी घडवलेलीच नाही. एवढे करूनही आधीच्या आठ सिलिंडरांच्या सी ६३ पेक्षा ती साडेतीनशे किलोंहून अधिक जड झाली. बॅटरी हा वाढीचा एक भाग झाला. मोटर, तिचा गिअरबॉक्स, इन्व्हर्टर, उच्च दाबाच्या केबल, शीतकरणाची यंत्रणा आणि हे सारे पेलण्यासाठी मजबूत केलेला सांगाडा यांचे वजन मिळून उरलेला भाग होतो.

प्रश्न : पीएस आणि बीएचपी यांत फरक काय? तुलना करताना मी दोन्ही एकच धरले तर चालेल का?
– विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : एक पीएस म्हणजे ७३५.५ वॉट आणि एक बीएचपी म्हणजे ७४५.७ वॉट. फरक दीड टक्क्याहून कमी आहे, पण मोठ्या आकड्यांत तो दिसतो : ७२७ पीएस म्हणजे ७१७ बीएचपी. दोन्ही गाड्यांचे आकडे किलोवॉटमध्ये घ्यावेत, म्हणजे गोंधळ होत नाही.

प्रश्न : मी आणि माझे यजमान दर आठवड्याला मुंबईला ये-जा करतो. कसारा घाटात जड हायब्रिड गाडी उतरवताना ब्रेकवर ताण येईल का, आणि परतताना बॅटरी संपलेली असेल तर गाडी चढणीला धापा टाकेल का?
– डॉक्टर, गंगापूर रोड

उत्तर : आपल्या प्रश्नाने मला फार बरे वाटले, कारण या गाड्यांची परीक्षा घाटातच होते.

उतारापासून सुरुवात करू. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचा फरक धरला आणि माणसांसह गाडीचे वजन २,७०० किलो धरले, तर घाट उतरताना गाडी जी ऊर्जा सोडते ती साधारण २.२ युनिट विजेइतकी भरते. साध्या गाडीत इंजिनाच्या रोधाने, हवेने आणि टायरांनी खाल्ल्यावर उरलेली सारी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते. घाटाच्या पायथ्याशी ट्रकांजवळून जो करपट वास येतो तो याचाच. हायब्रिडमध्ये मोटर उलटी चालून जनित्र बनते आणि या ऊर्जेचा मोठा वाटा बॅटरीत परत जातो. म्हणून वजन जास्त असूनही, व्यवस्थित चालवल्यास, अशा गाडीच्या ब्रेकवर घाटात ताण कमीच येतो.

पण त्यासाठी बॅटरीत जागा हवी. रात्रभर घरी चार्ज करून निघालात आणि ती वीज न वापरता पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन घाटमाथ्यावर पोहोचलात, तर मोटरला वीज ठेवायला जागाच उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, तोही अडीच टनांहून जड गाडीचा. गंगापूर रोडपासून इगतपुरीपर्यंतचे अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणून सकाळी शहरातून आणि पुढे घोटीपर्यंत शक्य तितके विजेवर जावे. एम ५ सारख्या मोठ्या बॅटरीच्या गाडीत, जिच्यात १८.६ युनिट वापरता येतात, हे सहज जमते.

परतीला उलटा विचार करावा. मुंबईच्या वाहतुकीत वीज पूर्ण संपवू नये. चार्ज राखून ठेवण्याचा पर्याय गाडीत असतो, तो शहापूरच्या आधीच निवडावा. चढणीला तेवढीच सव्वादोन युनिट आणि वरचे नुकसान लागते, त्यामुळे चार-पाच युनिट हाताशी असली तर इंजिनाला कुठेही एकट्याने ओढावे लागत नाही. ती नसली तरी गाडी धापा टाकणार नाही, एवढी खात्री देतो. केवळ इंजिनावर धरले तरी नव्या एम ५ चे गुणोत्तर टनामागे सुमारे २४० पीएस राहते. १९९८ मध्ये आलेल्या, ४०० पीएसच्या एम ५ चे गुणोत्तरही याच्याच जवळपास होते आणि त्या काळी ती जगातील सर्वांत वेगवान सेडानांपैकी एक मानली जात होती. मग फरक जाणवतो तो समोरच्या कंटेनरला ओलांडताना, कारण पायाखाली लगेच मिळणाऱ्या ओढीची आपल्याला सवय झालेली असते आणि ती त्या दिवशी अर्धा क्षण उशिरा येते. ओलांडण्याचा निर्णय त्या हिशेबाने घ्यावा.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर नेहमी जाणे होते. अशा जड गाडीच्या टायरांबाबत काय काळजी घ्यावी? नायट्रोजन भरून घेतल्यास पुरेसे आहे का?
– व्यावसायिक, सिन्नर

उत्तर : नायट्रोजनने दाब थोडा स्थिर राहतो, पण दाब तपासण्याचे काम त्याने टळत नाही. समृद्धीवर सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि तिथे तासन्‌तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर जाणे होते. टायर कमी दाबाचा असेल तर त्याच्या भिंती सतत वाकतात, वाकण्यातून उष्णता वाढते आणि गाडी जितकी जड तितकी ही वाढ जलद होते. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दोन दाब छापलेले असतात : एक कमी माणसांसाठी, एक पूर्ण भारासाठी. घरचे सगळे आणि सामान घेऊन निघताना दुसरा दाब भरावा, आणि तो सकाळी टायर थंड असताना भरावा. सिन्नरहून पंपापर्यंत गाडी पळवून मग मोजलेला दाब खरा नसतो.

टायर बदलताना मापाइतकाच त्यावरचा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, पाहावा. एम ५ ला पुढे २८५/४० आर २० आणि मागे २९५/३५ आर २१ असे टायर येतात. याच मापाचा, पण कमी भारांकाचा टायर दुकानात स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण तो या वजनासाठी बनवलेला नसतो. या मापांच्या गाड्यांना सहसा स्टेपनी नसते, म्हणून निघण्यापूर्वी टायर दुरुस्तीचा संच डिकीत आहे आणि त्यातील द्रवाची मुदत संपलेली नाही, हे स्वतः पाहून घ्यावे.