हाडात थायरॉइडचा कॅन्सर, मग ऑपरेशन गळ्याचं कशाला?

सासूबाईंच्या मांडीच्या हाडाच्या बायोप्सीत थायरॉइडचा कॅन्सर निघाला, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तर नॉर्मल आहे, मग डॉक्टर गळ्याचं ऑपरेशन का सांगताहेत, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण आईच्या वेळी हाच प्रश्न आम्हीही विचारला होता.

आईची कंबर सहा महिने दुखत होती. वात म्हणून गोळ्या झाल्या, शेक झाला, तेल चोळून झालं. रात्री पडल्या पडल्याही ठणकायचं, तिथेच आम्ही जागं व्हायला हवं होतं. एमआरआयमध्ये मणका पोखरलेला दिसला आणि बायोप्सीत चक्क थायरॉइडच्या पेशी! मग सोनोग्राफीत गळ्यात गाठ सापडली. आई म्हणाली, ‘ती होय? ती कधीचीच आहे, दुखत थोडीच होती.’

टीएसएचवरून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम कळतं, गाठीत काय दडलंय ते नाही. आईचा थायरॉइडचा कॅन्सर फॉलिक्युलर प्रकारचा होता. तो रक्तावाटे फिरतो, म्हणून फुप्फुसांत आणि हाडांत जाऊन बसतो.

आता ऑपरेशनचं. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, आणि बऱ्याचदा या कॅन्सरच्या हाडात गेलेल्या पेशीही घेतात. म्हणून किरणोत्सारी आयोडीन पाजतात. पण गळ्यातली ग्रंथी जागेवर असली तर बहुतेक डोस तीच गिळते, हाडापर्यंत फारसं पोचतच नाही. आधी ती काढायची, मग आयोडीन. आईला ते परळला मिळालं, टाटाच्या आवारातल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हे सेंटर १९६३ पासून आहे. आयोडीन घेण्याआधी, पेशी त्याला भुकेल्या राहाव्यात म्हणून, घरात आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूधही जवळपास बंद. चहाविना आईची जी चिडचिड झाली, ती ऑपरेशननेही झाली नव्हती. आणि मध्येच कुणी कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन काढायचा) सीटी स्कॅन सांगितला तर आयोडीन द्यायचंय हे आधी सांगा. त्या औषधातही आयोडीन असतं, मग उपचार काही आठवडे लांबू शकतो.

हाडातल्या मोठ्या गाठी मात्र नुसत्या आयोडीनने सहसा पूर्ण जात नाहीत. आईला मणक्यावर रेडिएशनही द्यावं लागलं. सासूबाईंचं तर मांडीचं हाड, सगळा भार त्यावर. ते मोडू नये म्हणून आधीच रॉड घालावा लागेल का, हे हाडांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. तोवर त्यांना जिना चढू देऊ नका.