परत गेलास का?

ऊसतोड मजुरांच्या चाळीस मुलाखती झाल्या, रेकॉर्डिंग उतरवून झालं, आणि आता बीडमधल्या शिरूर कासारच्या त्या बाईचं एक वाक्य तुला झोपू देत नाही: "दादा, गेल्या साली पण एक जण असंच लिहून घेऊन गेला." संशोधनाचा उपयोग काय, आपण यांचं दुःख विकतोय का, पुण्यातली ती कंपनीच्या सीएसआरची, म्हणजे समाजकार्य विभागाची, नोकरी धरावी का, असं सगळं पानभर लिहिलंस. त्या बाईकडे परत गेलास का, ते मात्र लिहिलं नाहीस. म्हणजे गेला नाहीस.

नोकरीचं तू ठरव. पगार बरा असेल तर घेही, घरी म्हातारी माणसं आहेत तुझ्या. पण आधी परत जा.

नव्वदच्या दशकात मी एका पाहणीत होते, साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या वस्तीत. पाचटाच्या ठेंगण्या कोप्या, वाकून आत शिरायचं, गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहायचं. एक प्रश्न होता: दिवसा मूल कोणाजवळ असतं? आई, वडील, आजी-आजोबा, अन्य. एक बाई फडात मोळी आवळता आवळता म्हणाली, "बैलांपाशी." खरंच, गाडीखाली झोळी बांधलेली, शेजारी बैल उसाचं वाढं खात उभे. मी 'अन्य'वर खूण केली. अहवालात त्या 'अन्य'चं 'पालकांचं दुर्लक्ष' झालं. ते शब्द माझे. छापून आले, कौतुकही झालं.

अकरा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तिच्या गावी गेले, तेव्हा तो परिच्छेद तिला वाचून दाखवला. ती रागावली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "ताई, सरीत ठेवलं तर कोयता लागतो, कोपीत ठेवलं तर चूल. आमचा बैल पोराला पाय लावत नव्हता. आणि तिथवर माझी नजर पुरत होती." मी दुर्लक्ष म्हणून लिहिलं ती तिची राखण होती. अकरा वर्षं ते चुकीचं छापून पडलं होतं, आणि दुरुस्त करायला एस.टी.चं एक तिकीट पुरलं असतं.

त्याच काळात माझी मुलगी शेजारच्या काकूंकडे वाढत होती. तिच्याही फॉर्मवर 'अन्य'च आलं असतं. मला कुणी दुर्लक्ष म्हणालं नाही. बाईंना नोकरी आहे, म्हणाले.

तुझा मसुदा वाचला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा घेतलास: बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली, राज्यात २१.९ टक्के. आकडा बरोबर आहे. पण कारणापुढे 'रूढी' लिहून मोकळा झालास? अरे, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या जोडीवर, एकटा माणूस अर्धा कोयता, हे तूच पान नऊवर लिहिलंयस. तेरा वर्षांची पोर सहा महिने गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि दार नसलेल्या कोपीत न्यायची तर कशी? बरं, हे मी सांगून काय उपयोग. 'रूढी' हा शब्द त्या आयांपुढे मोठ्यानं वाच, मग काय ऐकायला मिळतं बघ.

२०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या, समिती बसली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. आपण दिलेल्या उत्तरांचं पुढे काय झालं, हे त्यातल्या किती जणींना दारात येऊन कुणी सांगितलं असेल?

लोक तुला सांगतील, बाई हेकट आहे. आहेच. या हट्टापायी माझे दोन प्रकल्प रखडले, एकदा देणगीदारांनी शेवटचा हप्ता अडवला. उशिरा दिला पण चुकीचा दिला नाही, असं मी त्यांना लिहिलं होतं. आता वाटतं, जरा गोड लिहिता आलं असतं. पण परत गेले, याचा पस्तावा नाही. गेले नाही त्या पहिल्या खेपेचा आहे.

आणि लोक चिडले तर, असं तू विचारशील. चिडू देत की! शिव्या पडल्या तर त्या टाचून घे.

पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, माणसं गावी आली की जा. दसऱ्यानंतर गाड्या भरल्या की दारोदार कुलूप आणि ओट्यावर एखादी म्हातारी, तेव्हा त्याआधीच जा. फॉर्म नेऊ नकोस. सगळा मसुदाही नको, त्या बाईबद्दलची तेवढी दोन पानं ने, आणि मोठ्या अक्षरात काढ. संध्याकाळी जावं लागेल, आणि तुझा तो बारीक टाइप मला इथं ट्यूबलाइटखालीसुद्धा दिसला नाही.