मराठी ब्लॉगचा दुवा पाठवला की टक्के-चिन्हांची लांबलचक माळ दिसते. काय करावे?

वेबपत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचे असते आणि प्रत्येक बाइट टक्के-चिन्ह धरून ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका ‘क’ची ९ अक्षरे! काना, मात्रा, अनुस्वार यांचीही वेगळी ९-९. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या स्लगला (पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग) २०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे मराठी शीर्षक साधारण २२ चिन्हांवर तुटते, बऱ्याचदा शब्दाच्या मधेच.

उपाय सोपा आहे: शीर्षक मराठीच ठेवा, स्लग मात्र रोमन लिपीत स्वतः टाइप करा. ‘puranpoli-katachi-amti’ एवढे तीन-चार शब्द पुरे. शब्दांमध्ये अंडरस्कोर (_) नको, मधली आडवी रेघच (-) हवी. हे प्रकाशित करण्याआधी करा.

ब्लॉगरवर अडचण निराळी. तिथे मराठी शीर्षक सोडून दिले जाते आणि पत्त्यात नुसते ‘blog-post’ व एखादा आकडा उरतो. उजवीकडच्या ‘पर्मालिंक’मध्ये ‘कस्टम’ निवडून नाव द्या.

जुन्या लेखांचे काय? वर्डप्रेस प्रकाशित लेखाचा जुना स्लग लक्षात ठेवते आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेते. ब्लॉगर तसे करत नाही. सेटिंग्जमधल्या ‘कस्टम रीडायरेक्ट’मध्ये जुना आणि नवा मार्ग (पत्त्यातला साइटच्या नावापुढचा भाग) तिरप्या रेघेपासून (/) लिहा, ‘पर्मनंट’ चालू करा. हे विसरलात तर लोकांनी आधी जपून ठेवलेले दुवे मरतात, म्हणून ज्या लेखांना अजून वाचक येतात त्यांना उगाच हात लावू नका.