डेंड्रोबियम आणि व्हँडाचा संकर घरी होईल का?

भुसावळला गच्चीवर डेंड्रोबियम आणि व्हँडा एकदम फुललेत, संकर करू का, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, ही जोडी सोडा. दोन्ही ऑर्किडच, पण नातं फार लांबचं. बी धरत नाही. व्हँडाची सोयरीक जमते ती रिंकोस्टायलिस, रेनँथेरा, अराक्निस या जवळच्या ऑर्किडांशी. फुलवाल्याच्या गुच्छातलं मोकारा ऑर्किड हा संकर अराक्निस, अ‍ॅस्कोसेंट्रम आणि व्हँडा या तिघांची. (आता अ‍ॅस्कोसेंट्रमलाही व्हँडातच धरतात, ते असो.)

मी रास्ना आणि सीतेची वेणी (ही रिंकोस्टायलिस) यांचा संकर केला. रास्ना म्हणजे आपल्याकडचा रानटी व्हँडा. आमच्या बांधावरच्या आंब्यावर आहे. गडी त्याला बांडगूळ समजून उपटायला निघाले होते. दोघी उन्हाळ्याच्या शेवटी फुलतात, म्हणून वेळ जुळली. फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकाला टोपी असते, ती टूथपिकने उचलली की पिवळे परागपिंड चिकटून येतात. आईच्या फुलातले आधी काढून टाका, मग बापाचे तिच्या दांड्याखालच्या चिकट खळगीत बसवा. हे पाच मिनिटांचं काम.

पुढे मी दोनदा फसलो. पहिल्या वर्षी फुलामागचा देठ फुगला, मी घरभर सांगत सुटलो, आणि महिन्याभरात तो गळला. पराग पडल्यानेही देठ फुगतो, आत बी असेलच असं नाही. दुसऱ्या वर्षी शेंग तडकेपर्यंत थांबलो, तर बी पेरलेल्या सगळ्या बाटल्यांत बुरशी. या बियांत साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं, रानात त्या बुरशीच्या आधाराने रुजतात. १९२२ मध्ये नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर) त्या बुरशीशिवाय रुजवून दाखवल्या. पण त्या साखरेवर बाकीची बुरशीही माजते, म्हणून सगळं निर्जंतुक लागतं. न तडकलेली हिरवी शेंग बाहेरून धुऊन निर्जंतुक करता येते, उघडं पडलेलं भुकटीसारखं बी धुणं अवघड.

इथे आपल्या भागाचा फायदा आहे. केळीच्या टिश्यू कल्चरच्या (निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवायच्या) लॅब आहेत, ओळखीने विचारून बघा. गंमत म्हणजे ऑर्किडच्या माध्यमात पिकल्या केळ्याचा गरही घालतात.

तिसऱ्या शेंगेत बहुतेक पोकळ भुकटीच निघाली. अकरा रोपं बाटलीबाहेर आली, नऊ पहिल्याच मे महिन्यात गेली. उरलेली दोन कूलरसमोर ओल्या गोणपाटाच्या आडोशाला टांगलीत. चार वर्षं झाली, अजून फूल नाही.