सिस्टर, मी या कामाची नाहीच का?

मिरजेच्या वॉर्डांमध्ये नोकरीचं सगळं आयुष्य गेलेल्या एका निवृत्त इनचार्ज सिस्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आम्ही छापत नाही.

पत्र पहिलं

आदरणीय सिस्टर, नमस्कार.

मी जत तालुक्यातल्या एका गावची. जीएनएमचा नर्सिंगचा कोर्स झाला, रजिस्ट्रेशन झालं आणि गेल्या पावसाळ्यात सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. मेल मेडिकल वॉर्ड, २८ बेड. नाईटला आम्ही दोघी असतो. त्यातली एक आयसीयूत ओढली की मी एकटी. रात्री १० ची औषधं संपायला साडेअकरा होतात. तोवर कुणाचं सलाईन संपलेलं असतं, कुणाचं इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली सलाईनची नळी, निघालेलं असतं आणि नातेवाईक काउंटरवर येऊन उभे. इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणतात, "कुठल्या कॉलेजातनं आलीयस?" माझ्याबरोबर लागलेली मुलगी निम्म्या वेळात काम उरकते. डॉक्टरांना रात्री फोन करायचा म्हटलं की माझे हात गार पडतात, कारण "एवढ्यासाठी उठवलंस?" हे ऐकून घेतलंय. घरी येऊन झोपले तरी मॉनिटरचा आवाज कानात असतो. वडिलांनी कर्ज काढून माझी फी भरली, त्यामुळं नोकरी सोडते असं तोंडातून निघत नाही. सिस्टर, मी या कामाची नाहीच का?

— एक स्टाफ नर्स, सांगली

उत्तर

पोरी, तुझ्या पत्रातली एक गोष्ट तू सहज लिहून पुढं गेलीस आणि मी तिथंच थांबले. २८ बेड, दोघी, आणि कधी एकटी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल वॉर्डात पाच पेशंटमागं एक नर्स असा आहे. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तर तिघांमागं एक. तुझ्या वाट्याला चौदा येतात, वाईट रात्री अठ्ठावीस.

आता हिशेब कर. पेशंटला नाव विचारायचं, केस पेपर बघायचा, औषध काढायचं, द्यायचं, सही करायची. एकाला तीन मिनिटं धर. अठ्ठावीस जणांची ८४ मिनिटं झाली. दहाला सुरू केलंस तर साडेअकराच होणार. म्हणजे तू बरोबर काम करतेयस. निम्म्या वेळात जी उरकते तिनं यातलं काहीतरी गाळलेलं असतं. बहुतेक वेळा नाव विचारणं गाळलेलं असतं, नाहीतर सह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. तिच्याकडं बघून वेग वाढवू नकोस. हे मी तुला अगदी हात जोडून सांगते.

तुला जमवायचं आहे ते वेगळंच. कुणाकडं आधी जायचं आणि कोण थोडा वेळ थांबू शकतो, हे ओळखता आलं की तेवढ्याच वेळात काम पुरायला लागतं. ते कॉलेजात शिकवता येत नाही, कारण तिथं एका वेळी एकच पेशंट समोर असतो.

सुरुवात ओव्हरपासून, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट ताब्यात घेण्यापासून कर. काउंटरवर उभ्याउभ्या ओव्हर घेऊ नकोस. जाणाऱ्या सिस्टरला घराची ओढ लागलेली असते, तरी तिला प्रत्येक बेडपाशी ने. इंट्राकॅथची जागा सुजलीय का, लघवीच्या पिशवीत किती आहे, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, हे तिच्यासमोर बघून घे. एक कोरा कागद घडी घालून खिशात ठेव. त्यावर बेड नंबर, नाव, आजार, यायचे रिपोर्ट आणि सलाईन संपायची वेळ लिही. शेवटचं फार कामाचं आहे. ५०० मिली ८ तासांत द्यायचं असेल आणि सलाईनच्या नळीचा सेट १ मिलीला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण २१ थेंब येतात. किती थेंबांचा सेट आहे ते पाकिटावर छापलेलं असतं; मायक्रोसेट असेल तर १ मिलीला ६० थेंब. संपायची वेळ तुझ्या कागदावर असली की नातेवाईक हाक मारायच्या आधी तू तिथं पोचतेस, आणि निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

ओव्हर झाली की औषधांच्या ट्रॉलीला हात लावायच्या आधी सगळ्या वॉर्डातून एक फेरी मार. काही करायचं नाही, नुसतं बघायचं. चेहरा, घाम, बोलणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे श्वास. ज्याच्याबद्दल मनात शंका येईल त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोज. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्या वॉर्डाचा श्वास २० लिहिलेला मी फार पाहिलाय, आणि दर वेळी त्या मुलीला पुन्हा बेडपाशी पाठवलंय. माणूस बिघडायला लागला की बीपी पडायच्या बऱ्याचदा खूप आधी श्वास वाढतो. यंत्र लावलं की नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं मिळतं. श्वास मात्र आपल्याला उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तोच राहून जातो.

माझ्या वॉर्डात आटपाडीकडची एक नवी मुलगी होती, तुझ्यासारखीच बुजरी. एका रात्री माझ्याकडं येऊन म्हणाली, "सिस्टर, नऊ नंबरच्या आजोबांचं बीपी चांगलं आहे, तापही नाही, पण संध्याकाळी श्वास १८ होता तो आता २८ आहे. मला बरं वाटत नाहीये." आम्ही डॉक्टरांना बोलावलं. छातीत निमोनिया वाढत होता, आजोबा रातोरात आयसीयूत गेले आणि पुढं चालत घरी गेले. तिची औषधं त्या रात्रीही उशिराच संपली होती. तिला हळू म्हणणाऱ्यांत मी नव्हते, याचं मला आजही समाधान आहे.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. तू जतची, तेव्हा तुला कानडी कळत असणार. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून अथणी, चिकोडी, जमखंडीकडची कानडी माणसं औषधपाण्याला इकडं येतात. तिकडचा एखादा म्हातारा रात्री दोनला कुशीवर वळून "नोवू", म्हणजे दुखतंय, म्हणतो, तेव्हा दुखतंय कुठं आणि कधीपासून हे त्याला त्याच्या भाषेत विचारू शकणारी वॉर्डात कदाचित तू एकटीच असशील. दुभाष्या मिळेपर्यंत छातीत दुखणाऱ्याचा वेळ जातो. हे तुझं बळ आहे, ते लपवू नकोस.

औषधांचं थोडक्यात सांगते, पण इथं एका अक्षराचीही सूट नाही. दुसऱ्यानं भरून ठेवलेली सिरिंज द्यायची नाही, ती कुणीही भरलेली असो. इन्सुलिनची बाटली ४० ची की १०० ची (१ मिलीत तेवढी युनिट) ते वाचायचं आणि तीच सिरिंज घ्यायची. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. यांची अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. पोटॅशियम क्लोराईडचा ॲम्प्यूल थेट शिरेत कधीही नाही, कुणी सांगितलं तरी नाही. त्यानं हृदय बंद पडतं. ते सलाईनमध्ये मिसळून, सावकाश, लेखी ऑर्डर बघूनच. आणि डोस मोठा वाटला तर हात थांबवायचा आणि विचारायचं. ट्रॉलीवर असताना नातेवाईक बोलायला आले तर "एवढं औषध देते, मग येते" एवढं सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे.

फोनची भीती. ही भीती मला सगळ्यांत काळजीची वाटते, कारण तिचा भार पेशंटवर पडतो. फोन लावायच्या आधी कागदावर लिहून घे आणि वाचून दाखव: "सर, मेल मेडिकलमधनं बोलतेय. बेड नंबर नऊ, वय ७०, दम्यासाठी ॲडमिट. संध्याकाळी श्वास १८ होता, आता २८. ऑक्सिजन ९० वर आलाय. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं." शेवटचं वाक्य गाळू नकोस. "सर, पेशंट कसातरीच करतोय" असं सांगितलं की झोपेतला माणूस चिडतो. आकडे सांगितले की उठून बसतो. तरीही ओरडले तर ओरडू देत. फोन किती वाजता केला आणि काय सांगितलं ते नर्सेस नोट्समध्ये लिही. ते येत नसतील आणि तुला चैन पडत नसेल, तर त्यांच्या वरच्यांना फोन कर. मी इनचार्ज असताना नव्या मुलींना सांगून ठेवलं होतं की फोन केल्याबद्दल कुणी बोललं तर माझं नाव सांगा. तुझ्या वॉर्डात असं सांगणारी कुणी आहे का ते शोध. बहुतेक ठिकाणी एखादी असते, गप्प राहून काम करणारी. जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ बस.

इनचार्ज सिस्टरांनी सगळ्यांसमोर बोलणं चुकीचंच आहे. नातेवाईकांच्या देखत नर्सचा मान गेला की तेच नातेवाईक पुढं तिच्या अंगावर जातात. त्यांना शांत वेळ बघून एकटीनं भेट आणि सांग, "सिस्टर, माझं काय चुकलं ते मला बाजूला घेऊन सांगा, मी सुधारीन." पुष्कळ इनचार्ज यावर वरमतात, त्याही वरून बोलणी खात असतात. नाही वरमल्या तर मेट्रनना, म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सप्रमुखांना, लेखी दे. रात्री एकटीवर वॉर्ड टाकला जातो तेही तारीख आणि पेशंटची संख्या घालून लेखी दे, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. नातेवाईक हात उगारतील तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा डॉक्टरांइतकाच नर्सलाही लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

हे सगळं करूनही काही बदललं नाही, तर ती नोकरी सोड. पेशा सोडू नकोस. दुसरी जागा बघ, अनुभवाचा दाखला घे, मूळ प्रमाणपत्रं कुणाकडं ठेवली असतील तर परत घे आणि मगच बाहेर पड. वडिलांना खरं सांग. कर्ज काढून मुलीला शिकवणारा बाप एवढं नक्की समजून घेईल.

पत्र दुसरं

सिस्टर, मी कराडला एका हॉस्पिटलात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. सहा महिन्यांपूर्वी सुईला टोपण घालताना बोटात टोचली. बोलणी बसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. कुठल्या पेशंटची सुई होती तेही आता आठवत नाही. मनातून जात नाही.

उत्तर

भाऊ, उद्याच सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात जा. एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि गुप्त ठेवली जाते. हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्याही डॉक्टरांना विचारून करून घे. सहा महिने झालेत, त्यामुळं रिपोर्ट आला की उत्तर पक्कं मिळेल आणि हे ओझं उतरेल. बहुतेक वेळा अशा टोचण्यातून काही होत नाही, पण ते रिपोर्टनं सांगू दे.

इथून पुढं वापरलेल्या सुईला टोपण घालायचंच नाही, ती तशीच पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग राहत नाही, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. बोलणी खाण्याच्या भीतीनं हे तास घालवू नकोस. हिपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर तीही सुरू कर: पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

पत्र तिसरं

नमस्कार ताई. मी साताऱ्याची. माझी सून गेल्या वर्षी नर्स म्हणून लागली. नाईट करून सकाळी नऊला येते, आंघोळ करून स्वयंपाकाला लागते, दुपारी तासभर पडते. हल्ली फार चिडते, नातवावरही ओरडते. आधी अशी नव्हती. मला तिची काळजी वाटते, पण काय बोलावं कळत नाही.

उत्तर

वहिनी, तुम्ही पत्र लिहिलंत हेच मला फार मोठं वाटलं. सून बदललेली नाही, तिची झोप होत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला दिवसा सहा-सात तास सलग झोप लागते, आणि तासाचं पडणं त्यात मोजता येत नाही. अर्धवट झोपेत दुसऱ्या रात्री ती पुन्हा इंजेक्शनं भरते, तेव्हा हा प्रश्न तिच्या पेशंटचाही आहे.

नाईटच्या दिवसांत सकाळचा स्वयंपाक तिच्याकडं ठेवू नका. ती आली की थालीपीठ, उपमा जे असेल ते खायला द्या आणि थेट झोपायला पाठवा. खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावा, तिचा मोबाईल बाहेर ठेवा, नातवाला तेवढा वेळ तुमच्याजवळ घ्या. पाहुणे आले तर "सूनबाई नाईट करून आलीय, झोपलीय" असं तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. तिनं सांगितलं तर आळस ठरतो, तुम्ही सांगितलं तर कुणी बोलत नाही. आणि एक मुलाला बजावून सांगा: सलग नाईट झाल्यावर तिला स्कूटी चालवत एकटीला येऊ देऊ नको, स्वतः जाऊन घेऊन ये.